दिल्लीत खुर्ची वेळेवर पोहोचली

दिल्लीला जाऊन आलो हे कळल्यावर नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत तिघांनी विचारलं, लाल किल्ला पाहिला का. नाही पाहिला. दिल्लीत मी नऊ तास चाळीस मिनिटं होतो आणि ते सगळे विमानतळाच्या छताखाली गेले. घरच्या म्हाताऱ्या माणसाला राजधानीतून परदेशी पाठवण्याची वेळ ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रागात लिहितो आहे. राग उतरला की लिहू म्हणून दोन महिने थांबलो, पण तो उतरत नाही. विमान कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार अजून चालू आहे.

आधी कोण आणि कशासाठी, ते सांगतो.

माझी आई सुमित्रा. वय शहात्तर, माहेर-सासर दोन्ही उमरेडचं. चाळीस वर्षं तिने खड्ड्यातल्या मागावर बसून लुगडी विणली आणि पाय मारून मारून दोन्ही गुडघे संपवले. धाकटी बहीण वंदना लंडनजवळ राहते. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. घरात ती आणि बारा वर्षांची मुलगी. वंदनाच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलं होतं. तिथल्या दवाखान्याची अट अशी की ऑपरेशननंतर घरी चोवीस तास एक मोठं माणूस पाहिजे. नसेल तर तारीख रद्द. ही तारीख तिला सात महिन्यांनी मिळाली होती. घाईत आईचा आणि माझा, दोघांचा व्हिसा टाकला. आईचा तेवढा वेळेत आला. शनिवार दुपारचं विमान चुकलं तर पुढची मोकळी जागा मंगळवारची होती. म्हणजे हिशेब सरळ होता: आई शनिवारी बसली पाहिजे.

शनिवार, सकाळ. नागपूर

आईला निरोप द्यायला अकरा माणसं आली. उमरेडहून मामा पहिल्या एसटीने आले. दारावरच्या जवानाने पास नसलेल्यांना अडवलं, तेव्हा मावशीने बाहेरच आईच्या हातावर दही घातलं, आणि जवानाचा हात रिकामा दिसला म्हणून त्याच्याही हातावर घातलं. त्याने ते खाल्लं. नागपूरचा विमानतळ असा माझ्या मापात बसतो. दारापासून विमानाच्या दारापर्यंत तीनशे चाळीस पावलं भरली. मोजायची मला सवय आहे.

सवय नोकरीची. मी पाटबंधारे खात्यात नोंदी ठेवतो. कालव्याच्या पट्टीवर पाणी कुठवर आहे ते दिवसातून दोनदा पाहायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. नियम एकच. पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. चिखलामुळे जाता आलं नाही, ताप होता, काहीही असो, त्या रकान्यात 'पाहिले नाही' असं लिहायचं. सत्तावीस वर्षांत मी ते एकोणीस वेळा लिहिलं आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आईच्या हातातल्या पिशवीत वंदनासाठी दोन सुती पंचे होते, आईने स्वतः विणलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. ऑपरेशननंतर पोटाला बांधायला. मी म्हटलं, आई, तिकडे दवाखाना पट्टा देते. ती म्हणाली, "देऊ दे. त्याह्यचा पट्टा त्याह्यले राहू दे."

विमानात ती खिडकीला होती. खाली शेतांचे तुकडे, मग बराच वेळ नुसती तांबडी माती, मग एका नदीचं वाळूचं पात्र. दिल्ली जवळ आल्याचं जमिनीवरून नाही, धुरकट हवेवरून कळलं.

दिल्ली. तपासणीच्या अलीकडे

पावणेनऊला उतरलो. आईसाठी चाकांची खुर्ची आधीच सांगितलेली होती. ती ढकलायला आला रामबीर. पंचेचाळिशीचा, बारीक, बुटांचे तळवे एका बाजूने झिजलेले. त्याच्या एका हातात आईची खुर्ची आणि दुसऱ्या हातात जयपूरच्या एका आजोबांची. दोन खुर्च्या तो अशा चालवत होता की वळणावर एक थांबवून दुसरी फिरवायची.

मी विचारलं, दिवसाला किती होतात?

"कुर्सी गिनूँ कि किलोमीटर?" त्याने मोबाईल काढून दाखवला. आदल्या दिवशीचे चोवीस किलोमीटर होते.

विमान कंपनीने खुर्च्यांचं काम एका ठेकेदाराला दिलेलं आहे आणि रामबीर ठेकेदाराचा माणूस. शनिवारी आतल्या भागात खुर्च्या साठ-सत्तर आणि ढकलणारे नऊ, हे त्यानेच सांगितलं. "सर, आदमी कम हैं, पर लिखने में सब पूरे हैं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

विमानतळ मोठा आहे, स्वच्छ आहे, ते नाकारत नाही. संडास आमच्या कार्यालयापेक्षा पुष्कळ चांगले. पण तिथे दिशा कळत नाही. सूर्य दिसत नाही, वास येत नाही, एकाच नक्षीचा गालिचा जिकडे बघावं तिकडे. नागपूरच्या सदर बाजारात चुकलं तर पानवाल्याला विचारता येतं. इथे ज्याला विचारावं तो पाटीकडे बोट दाखवतो, आणि आईला पाटी वाचता येत नाही. आकडे मात्र तिला सगळे येतात, मराठीही आणि इंग्रजीही. मागावर तिने आयुष्यभर तेच केलं, धागे मोजले.

बॅग दिली, पास घेतला, मग एका कडेला डबा उघडला. पोळ्या, कांद्याचं कोरडं बेसन, जवसाची चटणी आणि संत्रा बर्फीचे चार तुकडे. रामबीर उभाच होता. आई म्हणाली, "बस ना गा. सकाळपासून उभा आहेस." त्याला मराठी कळलं नाही, पण पोळी कळली. ड्यूटीवर बसता येत नाही म्हणून त्याने उभ्यानेच खाल्ली.

"माताजी, ये चटनी किसकी है?"

"जवस. तुमचे पाय दुखते ना? खाओ, इससे दुखना कम होता." आईचं हिंदी असंच आहे, ती कुठेही अडत नाही.

इथे मी माझी चूक सांगतो. ती लपवली तर पुढचं सगळं खोटं ठरेल. कंपनीने खुर्चीच्या मागच्या कप्प्यात प्रवाशाची एक छोटी चिठ्ठी टाकली होती. मला वाटलं, ती पडेल. मी घरूनच चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आणला होता. त्यावर जाड अक्षरांत आईचं नाव, लंडन, विमानाचा क्रमांक आणि माझा फोन. पास मिळाल्यावर खाली गेटचा आकडाही लिहिला: १७. तो पुठ्ठा मी खुर्चीच्या दांड्याला लावला. गाठ आईने मारली. मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात तसली, जी ओढून सुटत नाही. बॅगेला लावतात तसा मी आईला पत्ता लावला, आणि लावला तो खुर्चीला. त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

पावणेअकराला पासपोर्ट तपासणीच्या तोंडाशी मला थांबावं लागलं. माझं परतीचं विमान सहा पंचवीसचं, नागपूरचं. तेवढ्या तिकिटावर त्या रेषेपुढे जाता येत नाही. रामबीरचा फोन नंबर मी लिहून घेतला. आई वळून म्हणाली, "घरी जाय आता. कायले उभा राहतेस?" नऊशे किलोमीटर लांबच्या घरी.

दुपार. रेषेच्या दोन बाजू

सव्वाअकराला आईचा फोन आला. तपासणी झाली होती. रामबीरने तिला आत एका मोकळ्या जागेत ठेवलं होतं, तिथे भिंतीकडे तोंड करून तेवीस खुर्च्या होत्या. तिने मोजल्या होत्या. त्याला उतरणाऱ्या विमानावर परत बोलावलं. दुसरा माणूस येऊन गेटवर नेईल असं तो सांगून गेला.

"भिंतीकडे काहून?" मी विचारलं.

"रस्त्यात चाकं येते म्हणते. समदे म्हातारे भिंत पाहून राहिले."

बारा वीसला पुन्हा फोन वाजला.

"दिलीप, माही खुर्ची गेली."

आत काय झालं ते तिने नंतर सविस्तर सांगितलं, ते असं. ती संडासला जायला उठली. परत आली तर खुर्चीशेजारी एक सरदारीण उभी होती. आईच्या अंदाजाने पंच्याऐंशीची, ऐकायला कमी, पाय थरथरत होते. तिला खुर्ची मिळालीच नव्हती. आईने तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोरच्या बाकावर, खांबाआड बसली. उमरेडच्या एसटीत आई अजूनही तिच्यापेक्षा म्हातारं कुणी चढलं की उठते. पन्नास वर्षं तसंच केलं. जागा दिली की दिली, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? मग तिचा डोळा लागला. दुसरा माणूस आला, त्याने पुठ्ठा वाचला, सरदारणीला घेऊन गेला. जाग आली तेव्हा खुर्ची नव्हती, सरदारीण नव्हती, पुठ्ठा नव्हता.

मी कंपनीच्या मदतखिडकीवर धावलो. तिथे टाय लावलेला एक गृहस्थ होता, माझ्याच वयाचा. मी सांगितलं. त्याने पडद्यावर पाहिलं.

"सर, आपकी माताजी तो गेट सत्रह पर पहुँच चुकी हैं. बारह बजकर आठ मिनट."

"ती माझ्याशी फोनवर बोलते आहे. ती गेटवर नाही."

"सिस्टम में पहुँची हुई दिखा रहा है, सर."

"तुम्ही फोन घ्या, तिलाच विचारा."

त्याने फोन घेतला नाही. पडदा माझ्याकडे वळवला. आईच्या नावापुढे खुर्चीचा क्रमांक, गेट, वेळ आणि हिरवी खूण होती. मी त्याला विचारलं, ही खूण करणाऱ्याने माणूस पाहिला का? तो म्हणाला, चिठ्ठी पाहिली. मी म्हटलं, मग ती खुर्ची पोहोचल्याची खूण आहे. तो म्हणाला, एक ही बात है.

माझा आवाज चढला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी माणसांत ओरडत नाही. त्या दिवशी ओरडलो. सत्तावीस वर्षं मी कालव्याच्या पाण्यासाठी जो नियम पाळतो, तो ही माणसं हाडामांसाच्या बाईसाठी पाळत नाहीत. शेवटी तो म्हणाला, ठीक है, दूसरी कुर्सी भेजता हूँ. किती वेळ? पंधरा-बीस मिनट. वर त्याने हेही विचारलं, "पर उन्होंने कुर्सी छोड़ी क्यों?"

खरं सांगायचं तर मीही आईला फोनवर तेच विचारलं होतं. "तू काहून उठली वं?" आणि ती म्हणाली होती, "तिचे पाय लटलट करून राहिले होते. मी काय पाहत बसू?"

बारा एकोणतीसला मी रामबीरला फोन लावला. तो उतरणाऱ्या विमानापाशी होता, त्याला आत यायची सोय नव्हती. त्याने ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं, "सर, कुर्सी नहीं आएगी. आज नहीं आएगी. एक दस पर गेट बंद. माताजी को बोलो, उठें और चलें."

टायवाल्याचा पडदा एकीकडे आणि झिजलेल्या बुटांचा हा माणूस एकीकडे. माझा विश्वास कुणावर बसला ते सांगायला नको.

"आई, उठ. चालायचं आहे."

"हाव."

"डोळ्यांपुढे आकडा कोणता दिसते?"

"चार. मोठा पिवळा."

"पुढं जाय. आकडा वाढला तर बरोबर. कमी झाला तर उलट फिर."

फोन चालूच ठेवला. तिचा श्वास ऐकू येत होता. रामबीरने सांगितलं होतं, वाटेत दोन सरकते पट्टे लागतील. आई सरकत्या जिन्याला घाबरते. पहिल्या पट्ट्याशी ती थांबली. मी म्हटलं, आई, मागावर पाय टाकते तसा टाक. ती म्हणाली, "माग काय पळून जाते गा?" मग काही ऐकू आलं नाही. मी फोन कानावर दाबून धरला. मग आवाज आला, "उभी आहो. चालून राहिला हा. मी नाही चालत, हाच चालते." आणि ती हसली. गुडघे तुटत असताना हसली.

नऊ. मग अकरा. बाराच्या पाटीशी ती तीन मिनिटं बसली. मी खिडकीवर गेलो, विचारलं, खुर्ची निघाली का? निघाली म्हणाला. ती खुर्ची आजपर्यंत पोहोचलेली नाही.

एक वाजून चार मिनिटांनी आई म्हणाली, "सतरा." लगेच म्हणाली, "अवो बाई, हे तं अठी बसली!"

सरदारीण तिथेच होती. आईच्या खुर्चीत, आईच्या नावाच्या पुठ्ठ्याखाली, हात मांडीवर ठेवून. तिला जायचं होतं कॅनडाला, खुर्चीत बसताना तिने आईला तसं सांगितलं होतं. गेट वेगळं, विमान वेगळं. तासभर ती तिथे बसून होती आणि एकानेही तिला नाव विचारलं नव्हतं, कारण नाव मी लिहून दिलेलं होतं.

गेटवरची मुलगी आईला घाई करत होती. मला फोनवर ऐकू येत होतं. आई जागची हलेना. "पहले इनकू भेजो. इनका दूसरा गाँव है." मुलगी म्हणत होती, हम देख लेंगे, आप चलिए. आणि मी, तिचा मुलगा, काय म्हणालो? मी म्हणालो, "आई, सोड तिले. तू आत जाय. वंदना वाट पाहून राहिली." दोनदा म्हणालो.

आईने आधी पुठ्ठा सोडवला. तिचीच गाठ, तिलाच दोन मिनिटं लागली. या बाईला परत कुणी सुमित्रा समजू नये म्हणून. पुठ्ठा पिशवीत टाकला आणि मग ती आत गेली. दार तिच्यामागे लागलं. तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी परतीच्या विमानापर्यंत पाच तास एका खांबाला टेकून बसलो. चहा घेतला, तो कागदी पेल्यात निवून गेला. चारच्या सुमारास फोनवर कंपनीचा संदेश आला. 'आपल्या प्रवाशाची खुर्चीसेवा यशस्वीपणे पूर्ण झाली आहे. कृपया पाचपैकी तारे द्या.'

परत, हुडकेश्वर

वंदनाचं ऑपरेशन सोमवारी झालं. आईने पंचा बांधला. तिथल्या नर्सने तो पाहिला, हाताला लावून पाहिला आणि विचारलं, हे कुठे मिळतं?

आईचे गुडघे तीन आठवडे सुजलेले होते. ते मला वंदनाकडून कळलं. आईने फोनवर मला फक्त एक आकडा सांगितला. "एक हजार चारशे सहा पावलं. पट्ट्यावरचे सोडून. लिहून ठेव." ती चालताना मोजत होती. मी दिलेला पाटीचा आकडा आणि स्वतःच्या पावलांचा, दोन्ही एकदम.

मी तक्रार पाठवली. दोन पानं, वेळांसहित, माझ्या पुठ्ठ्याची चूक पहिल्याच परिच्छेदात. अठरा दिवसांनी उत्तर आलं. नोंदींनुसार प्रवासी बारा वाजून आठ मिनिटांनी खुर्चीने गेटवर पोहोचल्या होत्या, सेवेत त्रुटी आढळत नाही. मी दुसरं पत्र लिहिलं: एक हजार चारशे सहा पावलं कुणी टाकली? त्याचं उत्तर पहिल्या उत्तराची प्रत होतं, फक्त तारीख नवी.

आई प्रत्येक रविवारी फोनवर एकच विचारते, "ते सरदारीण पोहोचली का?" म्हणून तिसरं पत्र फक्त तेवढ्यासाठी लिहिलं. आईच्या नावाच्या खुर्चीत बसवलेली बाई तिच्या विमानात चढली का, एवढं कळवा. उत्तर आलं की इतर प्रवाशांची माहिती गोपनीय असते. त्यांना ती माहीत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या पडद्यावर ती बाई त्या गेटवर कधी नव्हतीच. तिथे माझी आई होती.

मी रामबीरलाही विचारलं. त्याने दोन दिवस चौकशी करून सांगितलं, पता नहीं चला सर. माझ्या वहीत तिच्यापुढे मी 'पाहिले नाही' असं लिहिलं आहे. विसावी वेळ. या वेळी मात्र लाज वाटली, कारण फोनवर सोड तिले म्हणणारा मीच होतो.

पुढच्या शनिवारी आई परत येते आहे. मी दिल्लीला घ्यायला जाणार आहे आणि बाहेरच्या दारावर उभा राहणार आहे. खुर्ची सांगितली आहे, कारण गुडघे आता आधीपेक्षा वाईट आहेत. मी वंदनाला बजावलं की तो पुठ्ठा या वेळी खुर्चीला बांधायचा नाही, आईच्या गळ्यात घालायचा. आई शेजारीच होती. तिने फोन घेतला.

"हाव, गळ्यातच बांधू," ती म्हणाली. "मंग खुर्ची कोणालेही देता येते."